पाखरू धरणारा हात

बाईंना कोणी ‘पाखरंवाली’ म्हटलं तर चालायचं. ‘पक्षितज्ज्ञ’ म्हटलं की मात्र त्यांचं डोकं फिरायचं. एकदा कॉलेजच्या स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करणाऱ्या पोरानं तो शब्द माइकवरून उच्चारला, तर बाई खुर्चीतूनच ओरडल्या, “तज्ज्ञ असीन तुहा बाप! मी पाखराइले कड्या घालते!” पोरगा गारद. प्राचार्यांना हसावं की रडावं कळेना. आणि बाई आपल्या पर्समधल्या भुईमुगाच्या शेंगा काढून सोलत बसल्या, जणू काही झालंच नाही.

गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. या वर्षी तलावावर पाखरांना कड्या घालायचा कॅम्प लागला नाही. सोयाबीन निघालं, पऱ्हाटी फुटली, सकाळी अंगात स्वेटर घालावंसं वाटायला लागलं, की मी दर वर्षी रजेचा अर्ज टाकायची. यंदा अर्ज टाकला नाही आणि दिवसभर उगाच सगळ्यांवर करवादत राहिले. नवरा शेवटी म्हणाला, “तलावावर जाऊन ये एकदा.” मी म्हटलं, कशाला? तिथं कोण आहे माझं?

अकोल्याच्या ज्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते, तिथंच बाई माझ्या वरिष्ठ होत्या. मी अमरावतीची, वकिलाच्या घरातली. आमच्या घरात ‘मले-तुले’ बोललं की आजी डोळे वटारायची. बाई मूर्तिजापूरकडच्या खेड्यातल्या, शेतकऱ्याच्या घरच्या, लग्न न केलेल्या आणि त्याबद्दल कुणालाही उत्तर न देणाऱ्या. माझं बोलणं ऐकून पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “तू काय पुन्याहून आली का वं?” म्हटलं, नाही, अमरावतीहून. “मंग अशी भाषणावानी काहून बोलून राहिली?” त्या दिवसापासून मी त्यांच्याशी भांडत आले आणि त्यांच्यावर जीव टाकत आले. दोन्ही एकदमच सुरू झालं.

बाईंचं काम असं: बार्शीटाकळीच्या रस्त्यावर आत एक तलाव आहे. पावसाळा सरला की तिथल्या पाणकणसात, बाभळीत, काठच्या तुरीत उत्तरेकडून बारकी बारकी पाखरं येऊन उतरतात. हिमालयापलीकडून येतात म्हणे. कुणी आपल्याकडे मुक्काम ठोकतं, कुणी दोन दिवस दम खाऊन पुढं दक्षिणेला जातं. उजाडायच्या आत दोन बांबूंमध्ये केसासारखी बारीक जाळी बांधायची, पाखरू अडकलं की अलगद सोडवायचं, कापडी पिशवीत घालून सावलीत टांगायचं. मग पंख मोजायचा, वजन करायचं, पायात बारक्या पकडीनं नंबराची हलकी कडी घालायची आणि सोडून द्यायचं. ते पाखरू पुढं कुठं सापडलं तर कुणीतरी कळवील, ही आशा. बाईंनी हे तरुणपणी दक्षिणेत समुद्रकाठच्या एका केंद्रावर शिकून घेतलं होतं. तिथं पाखरं लाटांवरून थकून येतात आणि किनाऱ्यावरच्या झुडपांत टपटप गळून पडल्यासारखी उतरतात, हे त्या डोळे मिटून सांगायच्या. शिकवणाऱ्यांनी तिथंच राहा म्हटलं, पण बाई परत आल्या. का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, “समुद्राकाठी पाहाले समदेच जाते. आपल्या वऱ्हाडात थकलेल्या पाखराले कोन विचारते?”

पाखरांशी त्या ‘अहो-जाहो’ बोलायच्या. “या, या. लय लांबून आल्या. घाबरू नका, दोन मिन्टाचं काम आहे.” आणि माणसांशी, मग तो प्राचार्य असो की वनखात्याचा साहेब, सरळ ‘अरे-तुरे’. एकदा कुणी मोठे गृहस्थ दोन गाड्या भरून माणसं घेऊन तलावावर आले. त्यांना हातात पाखरू धरून फोटो काढायचा होता. बाईंनी त्यांचा हात हातात घेतला, नाकाशी नेला आणि सोडून दिला. “अत्तर लावून आला काय बे? जा, तलावात धुऊन ये. अन् धुतल्यावर बी भेटनार नाई.” साहेबाचं तोंड पाहण्यासारखं झालं. त्यांच्या माणसांनी आम्हाला खाऊ की गिळू असं पाहिलं. मी हात जोडून माफी मागत होते आणि बाई तिकडं एका धोबी पाखराच्या शेपटीची लांबी मोजत होत्या.

पिशव्यांची तर वेगळीच गंमत. आपल्याकडे हळदीकुंकू, बारसं, लग्न, काहीही असलं की ओटीत ब्लाउजपीस येतो. तो कुणी शिवत नाही. पुढच्या बाईच्या ओटीत घालतात, ती तिच्या पुढच्या. असे वर्षानुवर्षं फिरत राहणारे ब्लाउजपीस बाई अकोल्याच्या जठारपेठेतल्या ओळखीच्या घरांतून गोळा करायच्या. दारात उभ्या राहून म्हणायच्या, “सुती असतीन ते दे. टेरिकॉटचे तुह्या नणंदेले ठेव.” मग मशीनवर बसून त्यांच्या पिशव्या शिवायच्या. कॅम्पात बाभळीखाली दोरीवर लाल, हिरव्या, बुट्ट्यांच्या पिशव्या टांगलेल्या असायच्या आणि त्या आतून हलायच्या. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटे, इथं कुठल्या देवीचं ठाणं आहे. गावातली एक म्हातारी खरोखर हळदीकुंकू वाहून गेली होती.

कॅम्पात येणाऱ्या नव्या माणसाला बाई पहिल्या दिवशी पाखरू देतच नसत. पिकलेलं सीताफळ द्यायच्या. अगदी पिकलेलं, बोट लावलं की फुटेल असं. “दिवसभर हातात ठेव. पिशवीत नाई, पदरात नाई. हातात. संध्याकाळी मले अख्खं वापस दे.” हसू नका, मी हे केलंय. दुपारी माश्या घोंगावतायत, नाक खाजतंय, आणि मी अमरावतीच्या वकिलाची लेक हातात सीताफळ घेऊन बाभळीखाली बसलेय! चार वाजता ते माझ्या साडीवर फुटलं. बाईंनी फक्त पाहिलं. “उद्या दुसरं.” तिसऱ्या सीताफळाला मी पास झाले.

पहिल्या सीताफळाला पास झालेली मी एकच पाहिली. प्रणाली. बार्शीटाकळीची, एम.एस्सी.ला आमच्याकडे होती. बाप शेतकरी, आई शिवणकाम करणारी. पोरगी बोलायला कमी, पण हात असा की काय सांगू! जाळ्यात पाखरू एवढं गुरफटलेलं असायचं की मी कात्री शोधायला लागायची. ती बाजूला बसून एकेक धागा उलगडायची, आणि पाखरू तिच्या हातात येऊन शांत व्हायचं. बाई कुणाचं तोंडावर कौतुक करणाऱ्यातल्या नव्हत्या. पण रात्री जेवताना भाकरीचा तुकडा मोडता मोडता मला म्हणाल्या, “माह्या मांगं ही आहे.” मला थोडं लागलंच, खोटं कशाला बोलू? मी इतकी वर्षं त्यांच्यासोबत, आणि मागं ही! पण त्यांचं खरं होतं.

बाईंचा कॅम्पात एक कायदा होता. ‘ज्याच्या हातून पाखरू दगावलं, त्यानं पुन्हा पाखराले हात लावाचा नाई.’ हंगामापुरतं नाही, कायमचं. अशी वेळ फारशी कुणावर आली नव्हती, कारण बाईंची शिस्तच तशी. थंडी जास्त असली, वारा असला, पाखरं जास्त आली की त्या सरळ जाळी गुंडाळायला लावायच्या. “उसनं आनलेलं हाय ते,” म्हणायच्या. “उसन्या भांड्याले पोचा पाडून वापस देतं का कोनी?”

आणि वेळ आली ती प्रणालीवरच. एक वटवट्या होता, बोटाएवढा, मातकट रंगाचा, ज्याला लोक चिमणीसुद्धा म्हणणार नाहीत असा. तिनं पिशवीतून काढला, कडी घातली, पंख मोजायला उघडला आणि त्याची मान एका बाजूला पडली. बस्स. तिनं काही चूक केली नव्हती. मी शेजारीच होते, मी पाहिलंय. लांबून उडून आलेलं पाखरू, अंगात चरबीचा कण उरला नसेल, त्याचा जीव कुणाच्याही हातात गेला असता. पोरगी पांढरीफटक पडली. “बाई...” एवढंच म्हणाली.

बाई उठल्या. त्यांनी पाखरू हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं. मग म्हणाल्या, “पकड खाली ठेव. पुरून ये त्याले. अन् घरी जाय.”

प्रणाली रडायला लागली. बाकीची पोरं खाली मान घालून उभी. मी म्हटलं, “बाई, ते थकलेलं होतं.” “थकलेलं होतं तं तिले ओयखता याले पायजे होतं.” “तुम्हाला तरी आलं असतं का?” बाईंनी माझ्याकडे पाठ केली. प्रणालीला म्हणाल्या, “रडू नोको. रडनं तुहं हाय, जीव त्याचा गेला.” तिचा चुलतभाऊ मोटरसायकल घेऊन आला. ती मागं बसून गेली, आणि पुन्हा तलावावर आली नाही. पुढं परीक्षाही तिनं दिली नाही, असं कानावर आलं.

मला बाईंचा तेव्हा एवढा राग आला होता की मी कित्येक दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोलत होते. त्यांच्यासमोर एकदा म्हटलंही, “पाखराला अहो म्हणता आणि माणसाचं काळीज दिसत नाही तुम्हाला!” त्यांनी ऐकून घेतलं. “मानसाले बोलता येते. पाखराले येत नाई,” म्हणाल्या, आणि पुन्हा कामाला लागल्या. अशा वेळी वाटायचं, या बाईला देवानं हात दिले आणि बाकीचं द्यायला विसरला.

त्यानंतर काही वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. कॅम्प मात्र चालू होता, उलट आता त्यांना रजाही लागत नव्हती. एक दिवस स्टाफरूममध्ये मला भेटायला आल्या, आणि मी पाहिलं, त्या चहा कपातून नाही, बशीत ओतून पितायत, आणि बशी टेबलावर ठेवून, तोंड खाली नेऊन. “हे काय नवीन?” म्हटलं. “गरम हाय.” चहा थंडगार होता. मी त्यांचा डावा हात धरला. अंगठा आपला आपण हलत होता, तळहातावर तंबाखू मळावी तसा. त्या हात सोडवून घेत म्हणाल्या, “पाहू नोको अशी. काई नाई.”

काही नाही कसलं! मी जबरदस्तीनं त्यांना अमरावतीला डॉक्टरांकडे नेलं. कंपवात निघाला. डॉक्टर भले माणूस, त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. गोळ्यांनी काही काळ आटोक्यात राहील, व्यायाम करा, पुढं हळूहळू अंग ताठर होत जातं. बाईंनी सगळं ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, “पाखरू धरता येईन का?” डॉक्टरांना वाटलं गंमत करतायत, ते हसले. बाई हसल्या नाहीत. परत येताना गाडीत मात्र म्हणाल्या, “थिरथिऱ्या पाखराची शेपटी पाहिली ना वं? बसल्या जागी थरथरत राहाते. मी बी आता तेच झाली.” मला खिडकीबाहेर पाहावं लागलं.

त्या वर्षी त्या कॅम्पला येणार नाहीत असं आम्ही धरून चाललो होतो. त्या सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या. गोळीची वेळ अशी बांधली होती की पहाटे हात शांत राहील. कोपर टेबलावर रोवायच्या, डाव्या हातानं फक्त पकड नि मोजपट्टी धरायच्या, पाखरू उजव्यात. आम्ही श्वास रोखून पाहायचो. जमत होतं. मला वाटायला लागलं, निघेल हा हंगाम. मी मनातल्या मनात नवससुद्धा बोलले, आमच्या घरात कुणी नवस बोलत नाही तरी.

मग एक दिवस तो शंकर पक्षी आला. गळ्यावर निळी पट्टी, मधोमध तांबूस ठिपका, जाळ्यात येणाऱ्यांत सगळ्यात देखणा. बाईंना तो फार आवडायचा. “या महाराज,” म्हणून त्यांनी पिशवीतून काढला. वजन मूठभर शेंगदाण्यांपेक्षा कमी. कडी घातली, पंख मोजला. सोडायची वेळ आली आणि बाईंची बोटं उघडेनात.

थरथरणं नाही, उलट. हात दगडासारखा गच्च झाला. “उघड,” बाई आपल्याच हाताला म्हणत होत्या, “उघड ना वं, उघड!” मी धावले. त्यांची बोटं मी एकेक करून सोडवली. करंगळी, मग पुढचं, मग पुढचं. शेवटचं बोट निघालं तेव्हा पाखरू माझ्या तळहातावर पडलं. ते गेलं होतं.

सगळी पोरं एकदमच बोलायला लागली, बाई, तो आधीच मलूल होता, बाई, थंडी किती आहे, बाई, हे आजारपण आहे, तुमचा काय दोष. मीही तेच म्हणत होते. बाईंनी खुरपी मागितली. बाभळीच्या बुंध्याशी बसून स्वतः खड्डा केला, हलत्या हातानं माती ढकलली. मग पकड माझ्यासमोर ठेवली. म्हणाल्या, “कायद्यात आजारपन नाई लिवलं.”

“कायदा तुमचाच आहे ना? मोडा!” मी ओरडले. “मोडला तं त्या पोट्टीले काय सांगू?” बाई म्हणाल्या.

इतक्या वर्षांत त्यांनी प्रणालीचं नाव एकदाही काढलं नव्हतं. मला वाटे, विसरल्या.

“मले तिच्या घरी घेऊन चाल,” म्हणाल्या. “आत्ता?” “आत्ता. माह्यानं हे होनार नाई आता. तुह्यानं बी नाई होनार एकटीनं, वाईट नोको वाटून घेऊ. तलाव तिच्याच हातात राहीन. तिले वापस आनते.” मी म्हटलं, ती नाही येणार. “काहून नाई येनार? मी स्वता जाऊन राहिली ना.” त्यांच्या तोंडावर पहिल्यांदाच मी भीती पाहिली.

ऑटो करून आम्ही बार्शीटाकळीला गेलो. प्रणालीचं घर विचारत विचारत सापडलं. लग्न होऊन ती गावातच दिली होती. पुढच्या खोलीत चार-पाच मुली बसलेल्या, हातात मेहंदीचे कोन. प्रणाली त्यांना मेहंदी शिकवत होती, लग्नसराईत तिला लांबून लांबून बोलावणी येतात, असं सासूनं कौतुकानं सांगितलं. आम्हाला पाहून ती उठली, बाईंच्या पाया पडायला वाकली. बाई म्हणाल्या, “पाया नोको पडू माह्या.”

मुलींना तिनं घरी पाठवलं. सासूनं चहा आणला. बाईंनी कप उचलला आणि तो बशीवर खडखडायला लागला. खाली ठेवावा तर तेही जमेना. मी उठणार तेवढ्यात प्रणाली त्यांच्याजवळ येऊन बसली, काही न बोलता त्यांच्या हातातून कप घेतला आणि ओठांशी धरला. बाई प्यायल्या. घोट घोट, लहान लेकरासारख्या. प्रणालीनं ओढणीच्या टोकानं त्यांचे ओठ पुसले.

“माह्या हातून बी गेलं,” बाई म्हणाल्या. “आज. शंकर होता.”

प्रणालीनं कप पुन्हा त्यांच्या ओठांशी नेला.

“तू वापस ये वं पोरी. हंगाम आहे अजून. मी चुकलीच तवा. तुही काई चूक नोती. मले तवाच माहीत होतं.”

हे मला नवीन होतं. बाईंना तेव्हाच माहीत होतं!

“माहीत होतं तं बोलल्या काहून नाई, बाई?” प्रणालीनं विचारलं. आवाज चढवला नाही तिनं.

“कायदा बोलला होता. समदे पाहून राहिले होते.”

“मी लय दिवस वाट पाहिली. वाटे, बाई येतीन. नाई तं निरोप तरी धाडतीन.” तिनं रिकामा कप खाली ठेवला. “एक विचारू? आज तुमच्या हातून ते गेलं नसतं, तं आल्या असत्या तुमी?”

ज्या बाईंनी उभ्या जन्मात कुणाला उत्तर देताना विचार केला नाही, त्या रिकाम्या कपाकडे पाहत राहिल्या. मी मनात म्हणत होते, हो म्हणा, बाई, एकदा खोटं बोला, काय बिघडतं? पण खोटं बोलणं त्यांना येतच नव्हतं.

“नसती आली,” त्या म्हणाल्या.

प्रणालीनं मान हलवली. “मले राग नाई आता, बाई. खरंच नाई. पन अंगनात चिमनी उतरली तरी मी दुसरीकडे पाहाते. माह्यानं नाई होनार.” मग तिनं बाईंना दंडाला धरून उठवलं, पायरी उतरवली, ऑटोत बसवलं, पदर चाकात जाऊ नये म्हणून आत खोचून दिला. “गोळ्या वेळेवर घेत जा,” म्हणाली आणि आत गेली. तिनं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

त्यानंतर बाई कधी तलावावर आल्या नाहीत. मूर्तिजापूरकडे भावाच्या घरी गेल्या, तिथंच संपल्या. कॅम्प मी दोन हंगाम ओढला. बाई म्हणाल्या होत्या तसंच झालं, एकटीनं नाही झालं.

पण मला बाई आठवतात त्या त्या ऑटोतल्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूला कापूस वेचणाऱ्या बाया होत्या, ऑटोवाल्यानं मोठ्यानं गाणी लावली होती, ती मी बंद करायला लावली. बाई दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे आधी कळलंच नाही की त्या रडतायत. मी म्हटलं, “बाई, जाऊ द्या. तिचा राग ओसरेल कधीतरी.”

“रागाचं नाई म्हनून राहिली मी,” त्या म्हणाल्या. “तू पाहिलं का? माही मान हालून राहिली होती, तं तिनं कप बी तसाच हालवला, माह्या मानेसंगं. एक थेंब सांडू देल्ला नाई.” अकोल्याची घरं दिसायला लागली तेव्हा माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “असा हात मी घरी बसवला वं.”